आपत्काळातील संदेशवहन : निरोप शेवटच्या घरापर्यंत

परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा इत्यादी तालुक्यांतील अनेक गावे गोदावरीच्या काठी वसलेली आहेत. पैठणच्या जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग झाला की या गावांना धोका संभवतो. २००६ व २०२५ या वर्षांत याचा प्रत्यय आला. येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी वाहून आणणारी पूर्णा नदी कंठेश्वरजवळ गोदावरीस मिळते. गोदावरी दुथडी भरून वाहत असली म्हणजे पूर्णेचे पाणी तुंबते व मागे फुगते.

धरणातून सोडलेले पाणी गावी पोहोचण्यास अवधी लागतो. निरोप मात्र क्षणात येऊ शकतो. हा अवधी हाच गावाचा खरा आधार होय. परंतु तालुक्याहून निघालेला निरोप ओढ्यापलीकडच्या वस्तीवर किंवा शेतातील आखाड्यावर न पोहोचल्यास तो व्यर्थ ठरतो.

भ्रमणध्वनीचे मनोरे विजेवर चालतात. वीज खंडित झाल्यावर त्यांच्या बॅटऱ्या फार काळ पुरत नाहीत. शिवाय सर्वांनी एकाच वेळी दूरध्वनी केल्यास संभाषण अशक्य होते. अशा वेळी लघुसंदेश पोहोचण्याची शक्यता अधिक असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हौशी बिनतारी चालकांचे साहाय्य मोलाचे ठरले. एकाच साधनावर विसंबू नये, हाच त्यातील बोध.

म्हणून प्रत्येक गावाने निरोपाची साखळी ठरवून ठेवावी. तलाठी, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांना आलेली सूचना कोतवालाने दवंडीने गावात द्यावी. वस्तीनिहाय नेमलेल्या स्वयंसेवकांनी ती घरोघरी न्यावी. मंदिराचा ध्वनिक्षेपक विजेअभावी बंद पडतो. तेव्हा शाळेची घंटा, डफ किंवा बॅटरीवरील कर्णा कामी येतो. निरोप मोजका असावा : धोका कोणता, पाणी केव्हा येणार, कोठे जावयाचे. तो पोहोचल्याची खबर उलट मिळेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये.

पाण्याने वेढलेल्या माणसानेही काही खुणा जाणून असाव्यात. शिट्टीचे तीन आवाज थांबून थांबून पुन्हा द्यावेत. रात्री विजेरीने तीन आखूड, तीन लांब व पुन्हा तीन आखूड प्रकाशझोत दाखवावेत. ही आंतरराष्ट्रीय संकटखूण आहे. हेलिकॉप्टर दिसल्यास दोन्ही हात वर तिरपे पसरावेत. 'मदत हवी' असा त्याचा अर्थ होतो. एक हात वर व एक खाली ठेवल्यास 'मदत नको' असा अर्थ घेतला जातो. केवळ हात हलविल्याने गैरसमज होऊ शकतो.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीच्या मदतीचा ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत साखळीची एकदा चाचणी घ्यावी आणि शेवटच्या घरी निरोप किती मिनिटांत पोहोचला, याची नोंद ठेवावी. गावाच्या सज्जतेचे खरे माप तेच.