एका बुडालेल्या घराण्याची मिळकत

मुक्त प्रणाली श्रेष्ठ की व्यापारी प्रणाली श्रेष्ठ, हा वाद संगणकाच्या क्षेत्रात गेली कित्येक वर्षे अशा हिरिरीने चालला आहे की, त्यात उतरणारा बहुधा आधी पक्ष निवडतो आणि मग पुरावा शोधू लागतो. लिनक्सचे अभिमानी स्वातंत्र्याचा दाखला देतात, विंडोजचे अभिमानी सोयीचा. आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असल्यामुळे निवाडा कधीच होत नाही. मला मात्र या प्रकरणात एका कंपनीचे दप्तर फार मोलाचे वाटते. तिने आपली काही निर्मिती कुलूपबंद ठेवली, काही जगाच्या हवाली केली, आणि पुढे ती कंपनीच बुडाल्यामुळे दोहोंची गत काय झाली हे आज ताडून पाहता येते.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील सिलिकॉन ग्राफिक्स ही ती कंपनी. स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या जिम क्लार्क यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ती स्थापन केली. त्रिमिती आकृती पडद्यावर उभी करण्यासाठी लागणारे अफाट गणित सर्वसाधारण प्रोसेसरवर न लादता त्यासाठी निराळी चिपच घडवावी, ही त्यांची मूळ कल्पना. १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’मधील संगणकनिर्मित डायनोसॉर याच कंपनीच्या यंत्रांवर साकार झाले. त्या यंत्रांवर चाले ती ‘आयरिक्स’ ही युनिक्स कुळातील प्रणाली, आणि चित्रे काढण्यासाठी होता तो ‘आयरिस जीएल’ हा आज्ञासंग्रह. यंत्र, प्रणाली आणि चित्राच्या आज्ञा ही तिन्ही एकाच छपराखाली, एकाच बुद्धीने घडल्यामुळे त्यांच्यात जो मेळ साधला होता, तसा त्या काळच्या कोणत्याही मुक्त प्रणालीत नव्हता. १९९१ साली जन्मलेले लिनक्स तेव्हा हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगातून नुकतेच वर येत होते. एकहाती मालकीचा हा गुण कबूल केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

परंतु प्रतिस्पर्धी जवळ येत होते. एका कंपनीच्या आज्ञासंग्रहासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही, ही ग्राहकांची तक्रार वाढत होती, आणि प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दुसरेच प्रमाण रूढ केले तर आपली वहिवाट संपेल हे कंपनीने ओळखले होते. म्हणून १९९२ साली ‘आयरिस जीएल’चा स्वच्छ केलेला मसुदा तिने ‘ओपनजीएल’ या नावाने प्रसिद्ध केला आणि त्याच्या देखभालीसाठी एक मंडळ नेमले. डीईसी, आयबीएम, इंटेल आणि (आज नवल वाटेल, पण) मायक्रोसॉफ्ट ही त्या मंडळाची आरंभापासूनची सभासद होती. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. कंपनीने जगाला दिला तो सोर्स कोड नव्हे, तर करारनामा: कोणत्या आज्ञेने पडद्यावर काय घडले पाहिजे, याचे लिखित कलमवार वर्णन. ते घडवून कसे आणायचे, हे ज्याचे त्याने पाहावे.

हा करारनामा वाचून विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रायन पॉल यांनी १९९३ साली फावल्या वेळात स्वतःची आवृत्ती लिहायला घेतली. सिलिकॉन ग्राफिक्सकडे त्यांनी रीतसर परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९९५च्या आरंभी ‘मेसा’ नावाने ती आवृत्ती विनामूल्य उपलब्ध झाली. एका माणसाच्या आवडीतून निघालेले हे काम आज लिनक्सवरील त्रिमिती चित्रणाचा कणा आहे.

करारनामा चांगला होता, हे एका त्रिकोणावरून दिसते. कारण त्रिमिती चित्र म्हणजे शेवटी असंख्य त्रिकोणच. ओपनजीएलमध्ये ‘त्रिकोणास आरंभ’ अशी एक आज्ञा द्यायची, तीन कोनबिंदूंसाठी तीन आज्ञा, आणि मग ‘समाप्त’. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली विंडोजसाठी आणलेल्या ‘डायरेक्ट थ्रीडी’मध्ये मात्र मेमरीचा एक तुकडा मागून घ्यायचा, त्यात बिंदू आणि आज्ञा ठरावीक मांडणीने भरायच्या, आणि तो भरलेला तुकडा प्रणालीच्या स्वाधीन करायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. ‘क्वेक’ या खेळाचे कर्ते जॉन कार्मॅक यांनी त्याच वर्षी या पद्धतीवर जाहीर टीका करून ओपनजीएलचा पक्ष घेतला. पण मायक्रोसॉफ्टने चुका सुधारल्या, आणि झपाट्याने सुधारल्या. निर्णय घेणारा एकच धनी असल्यामुळे २००६च्या दहाव्या आवृत्तीत जुने ओझे फेकून देता आले. तिकडे ओपनजीएलचे मंडळ सर्वांची संमती गोळा करीत राहिले आणि २००८ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने अनेक प्रोग्रामरांची निराशा केली. मुक्त कारभार हा पुष्कळदा मंद कारभार असतो, हे मुक्तवाद्यांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

यादरम्यान सिलिकॉन ग्राफिक्सचा पाया खचला होता. थ्रीडीएफएक्ससारख्या कंपन्या, आणि त्यातही खुद्द याच घरातून बाहेर पडलेले अभियंते, साध्या पीसीत बसणारी स्वस्त कार्डे विकू लागले. मे २००६मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००९ साली दुसऱ्यांदा तीच वेळ आली आणि मिळकत विकली गेली. आयरिक्सची शेवटची आवृत्ती २००६ची. २०१३ साली तिची देखभालही थांबली. तिचा सोर्स कोड मुक्त झाला नाही, त्यामुळे मालकाचा व्यवहार आटोपताच तिचाही आटोपला, आणि तिच्यात गुंफलेले उत्तमोत्तम अभियांत्रिकी ज्ञान कागदपत्रांच्या गठ्ठ्यात राहिले. ओपनजीएलची जबाबदारी मात्र २००६ सालीच ख्रोनोस या संयुक्त संस्थेकडे गेली आणि त्याचे काम एक दिवसही अडले नाही. त्याहून बोलका दाखला ‘एक्सएफएस’चा. मोठाल्या फाइली सांभाळण्यासाठी आयरिक्सकरिता घडवलेली ही फाइलव्यवस्था कंपनीने उतरत्या काळात मुक्त परवान्याखाली लिनक्सला दिली, आणि २०१४ साली रेड हॅटने आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत तीच मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. एकाच घरातील तीन वस्तूंपैकी गुणाने कोणतीही कमी नव्हती. दोन वाचल्या त्या धन्याच्या हयातीतच दुसऱ्यांना हक्क दिल्यामुळे.

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे छपाईसाठी जे मराठी फॉन्ट विकले जात, त्यांतील प्रत्येकाची अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत निराळी आणि मालकीची असे. परिणामी त्या काळी जुळवलेला मजकूर आज तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन उमटतो. लेखकाचे शब्द लेखकाचेच असूनही ते वाचण्याचा अधिकार दुसऱ्याच्या कपाटात राहावा, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते, आणि माझा कल मुक्त साधनांकडे आहे तो मुख्यतः याच कारणाने. ती फुकट मिळतात म्हणून नव्हे.

तरीही मुक्त आणि व्यापारी यांच्यामध्ये भिंत आहे असे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. ओपनजीएलचा वारस ठरलेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला ‘वल्कन’ हा एएमडी या व्यापारी कंपनीच्या ‘मँटल’ नावाच्या खासगी कामावर आधारलेला आहे. त्यात तोच एक त्रिकोण काढायला हजाराच्या घरात ओळी लिहाव्या लागतात, परंतु कार्डाच्या शक्तीवर प्रोग्रामरचा ताबा कितीतरी अधिक राहतो. चित्रणाची कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने लिनक्ससाठीचा आपला ड्रायव्हर वर्षानुवर्षे बंदिस्त ठेवला, मुक्त समाजाला तिच्या कार्डांचा अंतर्भाग बाहेरून चाचपडत शोधावा लागला, आणि अखेर मे २०२२मध्ये तिने ड्रायव्हरचा कर्नेलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, भाग खुला केला.

सर्वांत विलक्षण काम मात्र फिलिप रेबोले या विकासकाचे म्हटले पाहिजे. विंडोजवरचा एक खेळ लिनक्सवर चालावा, एवढ्याच इच्छेने त्यांनी डायरेक्ट थ्रीडीच्या आज्ञा वल्कनच्या आज्ञांत बदलणारा ‘डीएक्सव्हीके’ हा दुवा लिहायला घेतला. वॉल्व्ह या खेळविक्रेत्या कंपनीने त्याला द्रव्यबळ दिले, २०१८ साली विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या आपल्या ‘प्रोटॉन’मध्ये तो सामावून घेतला, आणि २०२२ साली लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पडद्यावरील चित्र मेसामधील वल्कन ड्रायव्हर रेखाटतो. त्यावर खेळले जाणारे बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या कर्त्यांना लिनक्ससाठी एक ओळही नव्याने लिहावी लागलेली नाही.