१० लाखांच्या स्पीकरमध्ये असतं तरी काय? पैसे नेमके कशाचे लागतात?

दोन उंच खोकी, त्यात चार-पाच गोल पडदे आणि थोडं वायरिंग. किंमत १० लाख रुपये.

असे स्पीकर पाहिले की लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, "एवढे पैसे घेतायत म्हणजे आवाजही तसाच असणार." दुसरा म्हणतो, "आतला माल दोन लाखांचा, ही सरळसरळ लूट आहे."

गंमत म्हणजे दुसऱ्या गटाचा आकडा फारसा चुकत नाही. निष्कर्ष मात्र दोघांचाही चुकतो.

आत काय असतं?

स्पीकरचे मुख्य भाग तीन. पहिला ड्रायव्हर, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा. डग्ग्याचा घुमारा मोठा वूफर देतो, टाळांची किणकिण छोटा ट्वीटर. दुसरा क्रॉसओव्हर. कोणता सूर कोणत्या ड्रायव्हरकडे पाठवायचा, हे ते सर्किट ठरवतं. तिसरा कॅबिनेट, म्हणजे बाहेरचं खोकं.

महागड्या स्पीकरमध्ये बऱ्याचदा खोक्यावरच भरपूर खर्च होतो. कारण ड्रायव्हर हलला की खोकंही थरथरतं आणि त्याचा आवाज गाण्यात मिसळतो. ते टाळायला कुणी लाकडाचे जाड थर वाकवून वापरतं, तर अमेरिकेतली मॅजिको कंपनी ॲल्युमिनियमची कॅबिनेट बनवते. वर पॉलिशची मेहनत वेगळीच.

मग बाकीचे पैसे जातात कुठे?

या धंद्यातला ढोबळ हिशेब असा, की सुट्या भागांवर जेवढा खर्च होतो, त्याच्या चार ते पाच पट दुकानातली किंमत असते. मधल्या रकमेत कामगारांचे पगार, संशोधन, जाहिरात, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन येतं. परदेशी स्पीकर भारतात आला की आयात शुल्क आणि जीएसटी वेगळा.

त्यात किती जोड्या विकल्या जाणार, हा मोठा मुद्दा. समजा, एक मॉडेल विकसित करायला २ कोटी रुपये लागले. २०,००० जोड्या विकल्या तर प्रत्येक जोडीवर १,००० रुपयांचा बोजा पडतो. २०० जोड्याच विकल्या तर तोच बोजा १ लाख होतो. हॉटेलातल्या थाळीचा हिशेब कुणी फक्त भाजीच्या भावावरून मांडत नाही, तसंच हे.

म्हणजे खर्च खरा आहे. पण तो कानाला कळतो का?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. ब्रिटनच्या बॉवर्स अँड विल्किन्स कंपनीनं २००५ मध्ये कृत्रिम हिऱ्याचा ट्वीटर बाजारात आणला. हिरा इतका कडक, की तो पडदा साधारण ७० किलोहर्ट्झपर्यंत आकार बिघडू न देता हलतो, असं कंपनी सांगते. माणसाला ऐकू येतं ते जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत. ऐकू येणाऱ्या सुरांनाही या कडकपणाचा फायदा होतो, असा कंपनीचा दावा आहे. पण हिऱ्यावरचा खर्च ज्या पटीत वाढतो, त्या पटीत आवाज सुधारत नाही.

दुसरा पुरावा १९९४ चा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हार्मन या ऑडिओ कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा समोर दिसतील असे. स्पीकर दिसू लागले तसे गुण बदलले. मोठे, महागडे स्पीकर वर गेले आणि छोटा, स्वस्त संच खाली आला. स्पीकर तेच होते, ऐकणारेही तेच. आणि हे सगळे स्पीकरच्याच धंद्यातले लोक होते!

मग महाग स्पीकर घेऊच नये का?

तसंही नाही. आवाजाची पातळी तेवढीच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. म्हणून खोल आणि दणदणीत बेससाठी मोठे वूफर आणि मोठं खोकं लागतं. हे स्वस्तात होत नाही. मोठा हॉल आवाजानं भरायचा असेल, तर हा खर्च कारणी लागतो.

पण छोट्या खोलीत, बेताच्या आवाजात गाणी ऐकायची असतील तर? ब्रिटनच्याच केईएफ कंपनीनं २०१२ मध्ये पन्नाशीनिमित्त एलएस५० हा छोटा स्पीकर काढला. अमेरिकेत जोडीची किंमत होती १,५०० डॉलर. कंपनीच्या कितीतरी महागड्या 'ब्लेड' स्पीकरसाठी झालेलं संशोधन त्यात उतरलं होतं. खोल बेस तो देऊ शकत नाही, पण स्वच्छ आवाजासाठी तो जगभर नावाजला गेला.

शिवाय साधारण ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचा प्रभाव खूप वाढतो. उघड्या भिंतींच्या १० बाय १२ च्या खोलीत १० लाखांचा स्पीकरही घुमतो. तिथे जाड पडदे आणि गालिचा घातला तर वरच्या सुरांचा गोंगाट कमी होतो, आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढला तर बेसचा घुमारा आवरतो. दुसऱ्या कामाला तर पैसेही लागत नाहीत.

त्यामुळे खरेदीला जाताना आपली नेहमीची दोन-तीन गाणी सोबत न्या. सोबतच्या माणसाला स्पीकर बदलायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. सगळ्या स्पीकरचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवा, कारण जो जरा मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटतो. किमतीचं लेबल सगळ्यात शेवटी बघा. फरक कळला तर पैसे द्या. नाहीच कळला, तर उरलेले पैसे खिशात ठेवा.