कवळी जन्माची नसते

दात पडले, कवळी बसवली, आता जन्माची काळजी मिटली, असा समज घरोघरी आढळतो. तो खरा नाही. कवळी आहे तशीच राहते, पण तोंड बदलत जाते. दात गेले की जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी ही झीज सर्वांत जास्त होते, पुढे ती हळूहळू आयुष्यभर चालू राहते. खालचा जबडा जास्त झिजतो, म्हणून खालची कवळी आधी ढिली पडते. साधारणपणे ५ ते १० वर्षांत कवळी बदलावी लागते.

बदलायची वेळ झाली हे घरच्या घरी ओळखता येते. बोलताना कवळी टकटक वाजते, हसताना किंवा खोकताना निसटते. हिरड्या लाल होतात, एकाच जागी वारंवार घासून जखम होते. कवळीचे दात झिजून सपाट होतात, हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते, ओठांचे कोपरे चिरतात. तडा गेला असेल तर वाट पाहूच नये.

खरे नुकसान होते ते जेवणाचे. आजी डाळ, भाजी, मटण सोडून नुसत्या पेजेवर येते आणि आपण म्हणतो, 'म्हातारपणी भूक कमी होते.' भूक असते, चावता येत नाही! नवेगाव बांधसारख्या तलावाकाठच्या गावात आणखी एक धोका आहे. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे मासोळीचा काटा जिभेला कळला तरी टाळूला कळत नाही. कवळी हलत असेल तर काटा गिळला जाण्याची भीती वाढते. अशा माणसाला काटे काढूनच मासोळी वाढावी.

प्रत्येक वेळी नवीनच कवळी करावी लागते असे नाही. दात चांगले असतील तर दंतवैद्य आतून नवा थर भरून ती पुन्हा घट्ट बसवतात. मात्र घरी कानस लावून घासणे किंवा बाजारच्या गोंदाने तडा चिकटवणे टाळावे. बसण्यात थोडा फरक पडला तरी जखम होते. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते.

रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे अवघड असते, हे खरे. म्हणून काम हलके असेल तेव्हाच दाखवून घ्यावे. आधी गावच्या ग्रामीण रुग्णालयात तोंड दाखवून पुढे कुठे जायचे ते विचारावे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. नवीन कवळीसाठी माप, चाचणी अशा चार-पाच खेपा होतात, तेव्हा पहिल्याच भेटीत खर्च आणि तारखा विचारून घ्याव्यात. जाण्यापूर्वी काही तास कवळी घालून ठेवावी, म्हणजे कुठे घासते ते डॉक्टरांना दिसते.

एक गोष्ट मात्र हंगामासाठीही थांबवू नये. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा लगेच दाखवावा. खर्रा, तंबाखू खाणाऱ्यांनी तर 'कवळी घासली असेल' म्हणून मुळीच बसू नये, कारण तो कर्करोगही असू शकतो. दात एकही नसला तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. आणि आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटात काय उरते, तेवढे तरी पाहावे.