तीन बोटं, टॉर्च आणि पंधरा दिवस

"अण्णा, आधी तोंडातली तंबाखू थुंकून, चूळ भरून या." सोलापूरकडच्या एका उपकेंद्राच्या व्हरांड्यात दातांच्या डॉक्टरमॅडमची तपासणी बहुधा याच वाक्यानं सुरू होते.

अण्णा येतात. स्वतःचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायची. दोनच जातात. मावा, गुटखा, सुपारी वर्षानुवर्षं चघळली की गालाचं आतलं अस्तर ताठरतं, तोंड आवळत जातं. माणसाच्या ते लक्षात येत नाही. लक्षात येतं ते एवढंच, की भाजी हल्ली झोंबते. "सून तिखट लई टाकतीया," अण्णा सांगतात. मॅडम ही तक्रार हसण्यावारी नेत नाहीत, केसपेपरवर लिहून घेतात.

मग टॉर्च. ओठ उलटून, गाल ताणून, जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा, जिभेखालचा खळगा, टाळू. डाव्या गालात, तंबाखूचा बार भरतात नेमकं तिथंच, पांढरा चट्टा. गॉजनं पुसून पाहिला, निघाला नाही. अशातले बहुतेक चट्टे कॅन्सरपर्यंत जात नाहीत, पण कुठला जाईल हे नुसतं बघून सांगता येत नाही. पांढऱ्यात लाल मिसळलेलं दिसलं किंवा बोटाला कडक लागलं, तर मॅडम वाट बघत नाहीत, लगेच पुढं पाठवतात. शेवटी मानेतल्या गाठी चाचपायच्या.

"पर दुखत न्हाई की!"

सगळा घोळ इथं आहे. दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही ही आपली रीत, आणि हा आजार सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून कुणीतरी दारात जाऊन विचारावं लागतं. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिचे कार्यकर्ते हेच करत. गावोगाव जाऊन छातीतली गाठ, अंगावरून अवेळी जाणं, न भरणारी जखम यांबद्दल बोलायचे आणि संशय आला की रुग्णालयात आणायचे. पुढं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका तिथं आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. आज आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात याच जातीचे प्रश्न असतात.

पुढच्या मावशी मिश्रीवाल्या. जिभेच्या कडेला व्रण. पंधरा दिवसांपूर्वी मॅडमनी बोचणारा तुटका दात घासून गुळगुळीत करून दिला होता. व्रण दाताचा असता तर एव्हाना भरायला हवा होता. भरलेला नाही. आता तुकडा काढून तपासायला पाठवायचं.

"तुकडा काढला की पसरतं म्हणत्यात."

"तपासल्यानं पसरत नाही मावशी, अंगावर काढल्यानं पसरतं."

"पोराला इचारते."

आशाताईंनी तिथंच पोराला फोन लावला.