शब्द नाहीत, पण नाव आहे!

जॅझच्या दोन चाहत्यांना एका टेबलावर बसवा, मध्ये दोन कटिंग ठेवा आणि एवढंच विचारा, ‘टेक फाइव्ह’चं बेस्ट रेकॉर्डिंग कुठलं? बस्स! चहा गार होईल, पण वाद संपणार नाही. एक म्हणेल, ओरिजिनलच, स्टुडिओतलं. दुसरा म्हणेल, छे, लाइव्ह ऐक, तिथे लय केवढी चढते! मग ड्रमवर कोण होतं, वर्ष कुठलं, सोलो किती मिनिटांचा... शेजारच्या टेबलावरच्याला वाटतं, अरे ट्यून तर एकच आहे ना? मग एवढं काय त्यात?

तर सगळं त्यातच आहे. भीमसेनजींचा पुरिया धनाश्री एकदा ऐकला की ‘झाला ऐकून’ असं आपण म्हणतो का? राग तोच, पण प्रत्येक मैफल वेगळी. जॅझचंही तसंच. ट्यून म्हणजे फक्त सांगाडा, त्या दिवशी त्या माणसांनी त्यावर काय उभं केलं ते महत्त्वाचं. म्हणून जॅझवाले गाण्याच्या नावाइतकीच तारीख आणि वाजवणाऱ्यांची यादी पाठ करतात. आणि यातल्या बऱ्याच ट्यून्सना शब्दच नसतात. गाण्यात राग, प्रेम, टोमणा काहीही शब्दांतून सांगता येतं. इथे ते सगळं काम एकट्या नावाला करावं लागतं. त्यामुळे ही नावं जरा उलगडून बघितली की आत भन्नाट गोष्टी सापडतात.

पाच मात्रांचा ब्रेक

‘टेक फाइव्ह’पासूनच सुरू करू. अमेरिकन बोलीत ‘टेक फाइव्ह’ म्हणजे चला, पाच मिनिटं सुट्टी. पण ही ट्यून आहे पाच मात्रांच्या ठेक्यात. 1959च्या ‘टाइम आउट’ या अल्बमवर ती आली, तेव्हा जॅझ बहुतेक चार मात्रांत चालायचं. म्हणजे एका नावात दोन अर्थ! ती वाजवली डेव्ह ब्रुबेकच्या ग्रुपने, पण रचली त्यातल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडने. ब्रुबेकचं नाव एवढं मोठं की आजही अनेक जण ती त्याचीच समजतात. डेझमंड 1977 मध्ये गेला, तेव्हा त्याने आपल्या रचनांची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे केली होती. तुम्ही ही ट्यून ऐकता, तेव्हा पैसे कुठे जातात ते आता कळलं.

त्याच अल्बमवर ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ आहे. इस्तंबूलमध्ये रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रुबेकने नऊ मात्रांची एक लय ऐकली. त्यांची मोजणी तीन-तीन-तीन अशी नव्हती, ती होती दोन-दोन-दोन-तीन. टाळी देऊन बघा, शेवटी पाय अडखळतो! 1958च्या त्याच दौऱ्यात ब्रुबेक भारतातही आला होता आणि मुंबईत सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत त्याने वाजवलं होतं. परत गेल्यावर केलेल्या एका अल्बमवर ‘कलकत्ता ब्लूज’ नावाची ट्यूनच आहे.

सांगाडा जुना, धून नवी

नाट्यसंगीताची जुनी पुस्तकं चाळली असतील, तर पदाच्या वर ‘चाल’ असं लिहून एखाद्या जुन्या गाण्याचं नाव दिलेलं दिसतं. म्हणजे चाल जुनी, शब्द नवे. जॅझमध्ये 1940च्या दशकात थोडी वेगळी युक्ती निघाली. गाजलेल्या गाण्याच्या कॉर्ड्स तशाच ठेवायच्या आणि त्यावर कोरी करकरीत धून बसवायची. कारण? एक तर त्या कॉर्ड्स सगळ्यांना पाठ असायच्या. दुसरं म्हणजे कॉपीराइट असायचा धुनेवर, कॉर्ड्सच्या क्रमावर नाही. नवी धून, नवं नाव, मूळ गाण्याच्या मालकाला पैसे द्यायची गरज नाही!

चार्ली पार्करला सगळे ‘बर्ड’ म्हणायचे. ‘हाउ हाय द मून’ या गाण्याच्या सांगाड्यावर त्याच्या नावाशी जोडलेली जी नवी ट्यून आली, तिचं नाव ‘ऑर्निथॉलॉजी’, म्हणजे पक्षिशास्त्र. ‘चेरोकी’च्या सांगाड्यावर त्याने 26 नोव्हेंबर 1945 रोजी ‘को-को’ रेकॉर्ड केली. त्या सेशनचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. पहिल्या टेकमध्ये वादक चक्क ‘चेरोकी’ची मूळ धून सुरू करतात आणि मध्येच थांबवले जातात. पुढच्या टेकमध्ये मूळ धून गायब आणि उरतो तो पार्करचा तुफान सोलो.

थेलोनिअस मंकने तर कडीच केली. मूळ गाणं होतं ‘जस्ट यू, जस्ट मी’. तू आणि मी म्हणजे झालं ‘जस्ट अस’. ते पटकन म्हणा, ऐकू येतं ‘जस्टिस’. आणि जस्टिस म्हटलं की पुरावा हवाच, म्हणून ट्यूनचं नाव ‘एव्हिडन्स’! हे कोडं उलगडल्यावर चाहते जे हसतात ना, ते पीजेवर हसल्यासारखंच असतं. पण यातली दुसरी बाजूही लक्षात घ्या. आपल्या कलेचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जाऊ नयेत, यासाठी केलेली ही धडपडही होती.

नाव हाच निषेध

सगळीच नावं गमतीची नाहीत. सप्टेंबर 1957 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलं हायस्कूलमध्ये शिकायला निघाली. गोऱ्या मुलांसोबत त्यांना बसता येईल, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल होता. तरीही राज्याचा गव्हर्नर ऑरव्हल फॉबस याने त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे सैनिक शाळेसमोर उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर पाठवावं लागलं, तेव्हा कुठे ती मुलं वर्गात पोहोचली. वयाने ती आपल्या नववी ते अकरावीच्या मुलांएवढीच.

बेसवादक चार्ल्स मिंगसने यावर ट्यून केली, ‘फेबल्स ऑफ फॉबस’. त्याने फॉबसची खिल्ली उडवणारे शब्दही लिहिले होते. पण कोलंबिया कंपनीने 1959च्या ‘मिंगस आह उम’ या अल्बमवर ते शब्द घेऊ दिले नाहीत. ट्यून आली ती नुसत्या वाद्यांची. पुढच्याच वर्षी मिंगसने कँडिड नावाच्या छोट्या लेबलसाठी ती शब्दांसकट पुन्हा रेकॉर्ड केली आणि नाव दिलं ‘ओरिजिनल फॉबस फेबल्स’. ‘ओरिजिनल’ हा शब्द तिथे का आला, ते वेगळं सांगायला नको. पण पहिल्या रेकॉर्डवर शब्द कापले गेले तरी नाव राहिलंच होतं आणि तेवढं पुरेसं होतं. दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐका. सेन्सॉरशिप म्हणजे काय हे कुठल्याही लेक्चरपेक्षा लवकर कळेल.

15 सप्टेंबर 1963 रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडवला. चार मुली गेल्या. दोन महिन्यांनी, 18 नोव्हेंबरला जॉन कोल्ट्रेनने एक ट्यून रेकॉर्ड केली. शब्द नाहीत, भाषण नाही. सॅक्सोफोनचा सूर एखाद्या शोकसभेत कुणी थांबत थांबत बोलावं तसा चालतो. नाव फक्त ‘अलाबामा’. हे नाव पुसून टाकलं तर उरेल एक सुंदर, उदास ट्यून. नाव असलं की उरतो इतिहास.

टाळ्या खऱ्या की खोट्या?

आता लाइव्हवाल्यांच्या वादाकडे वळू. 7 जुलै 1956, न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल. ड्यूक एलिंग्टनच्या बँडचे दिवस तेव्हा फारसे बरे नव्हते. त्या रात्री त्याने 1937ची आपलीच एक जोडरचना काढली आणि दोन भागांच्या मधल्या जागेत सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विसला मोकळं सोडलं. (आडनावावरून गोवेकर वाटला ना? त्याचं मूळ केप व्हर्डेचं.) त्याने सलग 27 आवर्तनं वाजवली. काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचू लागली, मग अख्खा जमाव उठला. पुढच्याच महिन्यात एलिंग्टन ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता.

त्याच वर्षी निघालेली ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ ही रेकॉर्ड तुफान खपली. पण चाहत्यांच्या कानांना काहीतरी खटकत होतं. ऐन सोलोतच गोन्साल्विसचा आवाज लांबून आल्यासारखा का? कारण तो चुकीच्या माइकसमोर वाजवत होता. तो माइक होता व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा. शिवाय त्या ‘लाइव्ह’ रेकॉर्डमधला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वरून टाळ्या जोडलेल्या होत्या! रेडिओची टेप सापडल्यावर दोन्ही टेप जुळवून 1999 मध्ये खरी मैफल बाहेर आली आणि 43 वर्षांनी गोन्साल्विस नीट ऐकू आला.

अशीच गोष्ट ‘काइंड ऑफ ब्लू’ची. माइल्स डेव्हिसचा हा 1959चा अल्बम जॅझ न ऐकणाऱ्यांनीही कुठे ना कुठे ऐकलेला असतो. पहिल्या सेशनच्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डवर ‘सो व्हॉट’सह पहिल्या बाजूच्या तिन्ही ट्यून्स थोड्या चढ्या सुरात वाजायच्या. रेकॉर्ड लावून सोबत वाजवायला जावं तर आपलं वाद्य सुरात लागत नाही! वर्षानुवर्षं विद्यार्थी हेच ऐकून शिकले. बरोबर वेगातली आवृत्ती आली ती 1992 मध्ये. ‘कुठलं प्रेसिंग?’ हा प्रश्न म्हणूनच नुसता शहाणपणा मिरवायला विचारलेला नसतो.

नाव फसवतंही

एलिंग्टन 1963 मध्ये बँड घेऊन भारतात आला. दिल्लीत त्याचा साथी बिली स्ट्रेहॉर्न याने एका मैनेची शीळ ऐकली आणि त्यातून ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ झाली. ताजमहालावरून ‘आग्रा’ झाली. या ट्यून्स 1966 मध्ये ‘द फार ईस्ट सूट’साठी रेकॉर्ड झाल्या. याच अल्बमवर ‘इस्फहान’ आहे, नाव इराणी शहराचं. डोळे मिटले की घुमट, बागा दिसायला लागतात. गंमत म्हणजे स्ट्रेहॉर्नने ती दौऱ्याच्या आधीच लिहिली होती आणि तेव्हा तिचं नाव होतं ‘एल्फ’! म्हणजे घुमट दिसले ते नावामुळे, सुरांमुळे नव्हे. नावावर विश्वास ठेवा, पण तारीखही बघा.

आपल्याकडे तर उलटाच प्रश्न आहे. मुंबईत 1930च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलमध्ये जॅझ वाजत होतं. तिथे वाजवणारे अनेक गोवेकर वादक पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक मूळचा हळदोण्याचा, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्र म्हणजे आपले राम चितळकर यांच्याबरोबर त्याने काम केलं. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (1951) तो बँडसह पडद्यावरही दिसतो. पण असे शेकडो हात रेकॉर्डच्या लेबलवर कधी आलेच नाहीत. संगीतकार, गीतकार, गायक, संपलं! ‘अमर अकबर अँथनी’तल्या अँथनीला गोन्साल्विस हे आडनाव मिळालं ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांच्यावरून. मजोर्ड्याच्या या गुरूंचं नाव निदान एका शिष्यामुळे घराघरांत पोहोचलं. बाकीच्यांचं काय? आज ती ट्रम्पेट कुणाची, असं विचारलं तर अनेकदा उत्तर देणारा माणूसच उरलेला नाही.

म्हणून जॅझवाल्यांची ती कटकट (वाजवलं कुणी, कधी, कुठे?) मला मोलाची वाटते. ॲपवर आपल्याला एक चौकोनी फोटो आणि एक नाव दिसतं, बाकी सगळं ‘स्टडी म्युझिक’च्या प्लेलिस्टमध्ये विरघळून जातं. कॉलेजच्या फेस्टमध्ये तुमचा मित्र कीबोर्डवर असेल, तर पोस्ट टाकताना त्याचं नाव लिहा. बेसवर कोण होतं, ड्रमवर कोण होतं, तेही लिहा. तारीख टाका. चाळीस वर्षांनी कुणीतरी त्यावरून भांडेल आणि ते फार छान भांडण असेल.

सुरुवात कुठून कराल?

* ‘फेबल्स ऑफ फॉबस’ : 1959 आणि 1960, दोन्ही पाठोपाठ.
* ‘को-को’ : आधी ‘चेरोकी’ ऐका, मग ही. सांगाडा सापडतो का बघा.
* ‘अलाबामा’ : एकट्याने, हेडफोन लावून, फोन बाजूला ठेवून.
* ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ : 1999ची पूर्ण आवृत्ती. 27 आवर्तनं स्वतः मोजा.
* ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ : टाळी देत. अडखळलात तर पुन्हा पहिल्यापासून!