बारीक दळली म्हणजे कडक झाली?

घरी एस्प्रेसोचं यंत्र आणलं की चार जण हमखास एकच सल्ला देतात: ‘जितकी बारीक दळाल, तितकी कॉफी कडक.’ मग चिकमगळूरच्या उत्तम बिया मैद्यासारख्या दळल्या जातात, यंत्र घरघरत राहतं, कपात थेंब थेंब काळा रस पडतो आणि पहिल्याच घोटाला तोंड कडू होतं. खापर मात्र बियांवर फुटतं! हा सल्ला ऐकून ऐकून आता वीट आला आहे.

त्यात अर्धंच खरं आहे. कण बारीक झाला की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि अर्क लवकर उतरतो. एस्प्रेसोत पाणी कॉफीत जेमतेम अर्धा मिनिट असतं, त्यामुळे फिल्टर कॉफीपेक्षा बारीक दळण लागतंच. पण इथे पाणी साधारण 9 बार दाबाने घट्ट थरातून ढकललं जातं. दळण फाजील बारीक झालं की कणांमधल्या वाटा बुजतात आणि जिथे थर कच्चा असेल तिथूनच पाणी मुसंडी मारतं. त्या वाटेवरच्या कॉफीतला अर्क प्रमाणाबाहेर उतरतो, ती कडू-तुरट होते. बाकीची नुसती भिजते. पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचा मुठीचा गाळणा) उलटा आपटून दाबलेली चकती बाहेर काढा. पुष्कळदा कडेला एक बारीकसं भोक दिसेल. एकच कप आंबटही लागतो आणि कडूही, तो त्या भोकामुळे.

हे कुणाचं वैयक्तिक मत नाही. ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ‘मॅटर’ या संशोधनपत्रिकेत गणिती प्रारूप आणि प्रयोग दोन्ही मांडले. एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर अर्क वाढण्याऐवजी घटतो, आणि दर कपाची चव वेगळी येते. त्यांचा उपाय म्हणजे कॉफी थोडी कमी घ्या, 20 ग्रॅमऐवजी 15, आणि दळा जराशी जाडसर.

कडकच हवी असेल तर कपात पाणी कमी उतरवा. सुरुवात 18 ग्रॅम कॉफीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम पेय, अशी करा, वजनकाटा हवाच. धार भराभर येऊन चव आंबट लागली तर ग्राइंडर एक खूण बारीक करा, थेंब अडखळले तर एक खूण जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय चुकलं ते कळणारच नाही.

आणखी काही समज. मिक्सरची पाती बिया दळत नाहीत, चिरतात. भुकटी आणि तुकडे एकत्र पडतात, त्यामुळे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणाऱ्या बर ग्राइंडरला पर्याय नाही. भाजल्या दिवशीच्या बिया सर्वोत्तम नसतात. त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड धार बिघडवतो, म्हणून आठवडाभर थांबा. तेलकट चमक हे ताजेपणाचं नव्हे, बहुधा गडद भाजणीचं लक्षण आहे. जाड क्रेमा (कपातल्या एस्प्रेसोवरचा फेस) म्हणजे उत्तम कॉफी असंही नाही. रोबस्टा जातीच्या कॉफीवर तो सहज येतो.

आणि फ्रीजरमध्ये बिया बिघडतात, हेही चूक. 2016 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मधल्या अभ्यासात थंड बियांचं दळण अधिक एकसारखं आढळलं. फक्त हवाबंद, एकेका वेळेपुरत्या पुड्या करून ठेवा. एकच मोठा डबा रोज उघडलात तर आत दव धरतं.