वैद्य आणि राज्यकारभार

वैद्यानें नाडी पाहावी, औषध द्यावें आणि राजकारण इतरांवर सोपवावें, असें आपण पुष्कळदां ऐकतों. या समजुतीला जर्मनीच्या डॉ. रूडॉल्फ फिरखो यांनीं आपल्या आचरणानें उत्तर दिलें.

१८४८ च्या फेब्रुवारींत प्रशियाच्या सरकारनें या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरांना अपर सिलेशिया प्रांतांत पाठविलें. तेथें टायफस नांवाच्या ज्वराची सांथ पसरली होती आणि दुष्काळानें लोक अन्नाला महाग झाले होते. सुमारें तीन आठवडे फिरखो तेथील गांवें पाहत हिंडले. लहानशा कोंदट घरांत माणसें दाटीनें राहत. आहार मुख्यतः बटाट्यांचा, आणि तें पीकही बुडालेलें. प्रजेची भाषा पोलिश, तर राज्यकारभार जर्मन भाषेंत. मग प्रजेचें गाऱ्हाणें सरकारच्या कानीं जावें कसें?

फिरखो यांच्या अहवालांत औषधांपेक्षां हक्कांचीच मागणी ठळक होती. पूर्ण लोकशाही, शिक्षण, पोलिश भाषेला सरकारदरबारीं मान्यता, चांगले रस्ते, आणि गरिबांवरील करांचा भार श्रीमंतांवर. भुकेल्या, निरक्षर व मुक्या प्रजेची एक सांथ ओसरली, तरी दुसरी तिला गांठणारच, असा त्यांचा रोख होता.

त्याच मार्चमध्यें बर्लिनला क्रांति झाली, तींत ते सामील झाले. वैद्यकीय सुधारणेसाठीं त्यांनीं एक साप्ताहिकही चालविलें. परिणामीं १८४९ सालीं त्यांना बर्लिनमधील स्थान गमवावें लागलें. वुर्त्सबुर्गला अध्यापन करून ते १८५६ सालीं परतले.

कोणी म्हणेल, त्यांना टायफसचें खरें कारण कोठें ठाऊक होतें? हें खरें आहे. हा ज्वर अंगावरील उवांमुळें पसरतो, हें शार्ल निकोल यांनीं १९०९ सालीं दाखविलें. परंतु उवा माजतात कोठें? जेथें माणसें दाटीनें राहतात आणि बदलावयास दुसरें वस्त्र नसतें, तेथें. नव्या शोधानें फिरखो यांचा उपाय खोटा ठरला नाहीं.

पुढें १८५९ पासून बर्लिनच्या नगरसभेंत बसून त्यांनीं भुयारी गटारांचा आग्रह धरला. १८७३ पासून तीं बांधलीं जाऊं लागलीं. १८६१ सालीं ते प्रागतिक पक्षाच्या संस्थापकांपैकीं एक झाले. १८६५ सालीं त्यांच्या टीकेनें चिडलेल्या बिस्मार्कनें त्यांना द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. त्यांनीं तें नाकारलें, पण विरोध सोडला नाहीं. १८८० ते १८९३ ते जर्मन राइखस्टागचे सभासद होते. १९०२ सालीं त्यांचें निधन झालें.

प्रत्येक डॉक्टरानें निवडणूक लढवावी, असा याचा अर्थ नव्हे. परंतु एकाच वस्तींतून तोच रोग पुनःपुन्हां दवाखान्याच्या दारीं येऊं लागला, तर तो तेथेंच कां येतो, हें विचारणें आणि त्याचें उत्तर सत्तेपुढें निर्भयपणें मांडणें, हाही चिकित्सेचाच भाग होय.